संगणक व माहिती-व्यवस्था यांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम : खानदेशातील कला महाविद्यालयांच्या संदर्भात

१

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि त्यानुसार पदवी अभ्यासक्रमांची नवी मांडणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. या मांडणीत मुख्य विषयाच्या जोडीला कौशल्याच्या, खुल्या निवडीच्या आणि मूल्यशिक्षणाच्या लहान अभ्यासपत्रिकांना जागा आहे. कला शाखेसाठी संगणकाची प्रास्ताविक अभ्यासपत्रिका या जागेत सहज बसते. जागा मिळाली की आराखडा लागतो, आणि आराखडा करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे इतरत्र चालू असलेला आराखडा उचलून आणणे. संगणकाचे भाग, अक्षरजुळणी, कोष्टक, सादरीकरण, आंतरजाल आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा, असा तो परिचित आराखडा होय. त्यात गैर काही नाही. मात्र भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याला तो पुरेसा आहे काय, याचा विचार क्वचितच होतो.

हा विचार खानदेशाच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि सोपानदेव चौधरी यांच्यामुळे व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली, म्हणजे कवयित्रीच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. टिपणे, जपणे, शोधणे आणि दुसऱ्याच्या हाती देणे या चार क्रिया घडल्या म्हणून मराठीला ही कविता मिळाली. माहिती-व्यवस्था या शब्दाने ज्या विषयाचा निर्देश होतो, त्याचाही गाभा याच चार क्रियांचा आहे. अशा कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात हा विषय सर्वस्वी संगणकशास्त्राच्या अभ्यासमंडळाकडे सोपवून मराठी विभागांनी मोकळे व्हावे, हे योग्य नव्हे.

२

प्रथम या विषयाच्या नावातील दोन घटक वेगळे केले पाहिजेत. संगणकशास्त्र हे गणनाचे शास्त्र आहे. माहिती-व्यवस्था हा विषय माणसे, नोंदी, नियम आणि यंत्रे यांच्या एकत्र कामाचा आहे. हा भेद नवा नाही. अमेरिकेतील एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने १९६८ साली संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाची रूपरेषा प्रसिद्ध केली, आणि माहिती-व्यवस्थेसाठी स्वतंत्र रूपरेषा १९७२ व १९७३ साली द्यावी लागली. यंत्राचे ज्ञान असलेला पदवीधर कार्यालयातील नोंदींची गुंतागुंत ओळखतोच असे नाही, हा अनुभव त्यामागे होता.

भाषा-साहित्याचा अभ्यासक या दुसऱ्या विषयाला परका नाही. किंबहुना साहित्याच्या अभ्यासाचे आणि संगणकाचे नाते संगणकाइतकेच जुने आहे. इटलीतील पाद्री रोबेर्तो बुसा यांनी संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची करण्यासाठी १९४९ साली आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळविले. पुढे सुमारे तीन दशके हे काम चालले आणि १९७० च्या दशकात त्याचे ५६ खंड निघाले. मराठीतही असे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; बर्नार्ड बेल या संगणकज्ञाच्या साहाय्याने त्यांची संगणकीय नोंद झाली. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाच्या द्वारे अभ्यासकांना खुला झाला आहे. ओवी, गाणारी बाई, गाव, विषय अशी प्रत्येक नोंदीची बांधणी नसती, तर एवढ्या ओव्यांतून एकही ओवी हवी तेव्हा सापडली नसती. हे काम करणाऱ्यांना लोकगीतही कळत होते आणि नोंदीची शिस्तही. खानदेशात अशी माणसे घडवायची असतील तर प्रास्ताविक अभ्यासक्रमापासूनच त्याची सुरुवात व्हावयास हवी.

परिचित आराखड्याविषयी आणखी एक आक्षेप आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. अक्षरजुळणी, कोष्टक, सादरीकरण हे सारे तेथे शिकविले जाते आणि बरे शिकविले जाते. तेच महाविद्यालयात पुन्हा शिकवून विद्यार्थ्याच्या पदरात दुसरे प्रमाणपत्र पडेल. ज्ञानात भर पडणार नाही. महाविद्यालयाने त्यापुढचे द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

३

भाषेच्या विद्यार्थ्याला संगणकाची ओळख करून द्यावयाची तर ती वर्णापासून करून द्यावी. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला अंक कळतो. प्रत्येक वर्णाला एक संकेतांक ठरवून द्यावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा खंड राखला गेला. त्या खंडाची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली होती. एवढा इतिहास सांगितला की पुढचे सारे प्रश्न मराठीच्या वर्गातलेच वाटू लागतात.

‘क्षण’ या शब्दात डोळ्याला दोन अक्षरे दिसतात. यंत्र चार संकेतांक मोजते, कारण क, हलन्ताचे चिन्ह, ष आणि ण असे ते घटक आहेत. ‘मराठी’ या शब्दाची अक्षरे तीन आणि संकेतांक पाच. अक्षर म्हणजे काय, हा व्याकरणाचा पहिला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी त्याचे उत्तर पडताळून पाहता येते.

दुसरे उदाहरण रफाराचे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ किंवा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. या दुसऱ्या रूपासाठी जो वर्ण वापरला जातो, तो युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी घातलेला होता. शिवाय हेच रूप वेगळ्या रीतीने, साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही उमटविता येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात. शोधयंत्राला ते भिन्न वाटतात. ‘ॲ’चीही तीच कथा आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला, आणि अ-वर चंद्र देऊन लिहिलेले रूप त्याच्याशी यंत्राच्या दृष्टीने जुळत नाही. प्रबंधाचे टंकन एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने झाला, तर असलेला मजकूर ‘नाही’ असे उत्तर येते.

वर्णक्रमाचे उदाहरण तर प्रात्यक्षिकासाठी फारच सोयीचे आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह-नंतर येतो. संकेतांकांच्या रांगेत तो ल-च्या शेजारी आहे. म्हणून केवळ संकेतांकांवरून क्रम लावणारी आज्ञावली ‘फळ, फवारा, फसवणूक’ असा क्रम लावील, तर वर्णमालेप्रमाणे ‘फवारा, फसवणूक, फळ’ असा क्रम हवा. महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी देवनागरी वर्णमालेचे निश्चितीकरण ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने केले आणि २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. विद्यार्थ्याने तो निर्णय वाचावा, पन्नास शब्दांची यादी यंत्राकडून लावून घ्यावी, आणि यंत्राने शासनाचे ऐकले की नाही ते स्वतः पाहावे. या एका तासात वर्णमाला, कोशरचना आणि संगणक हे तीनही विषय शिकून होतात.

युनिकोडपूर्व टंकांचा प्रश्नही येथेच यावयास हवा. त्या टंकांत मराठी अक्षराची केवळ आकृती मराठी होती; साठवण रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर होती. तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर तो मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक ढिगारा होऊन बसतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही मराठीतील कितीतरी प्रबंध, स्मरणिका आणि नियतकालिके अशा टंकांत जुळविली गेली. त्यांचे रूपांतर करणे हे पुढील पिढीतील मराठीच्या पदवीधराचे काम आहे, आणि ते काम आहे हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

४

वर्णानंतर वर्गीकरण. माहिती-व्यवस्थेचा खरा गाभा वर्गीकरणात आहे, आणि वर्गीकरण हा नेहमीच कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. खानदेशाला याचे उदाहरण बाहेरून आणण्याची गरज नाही. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक पाहणीत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीला भिल्ल भाषांच्या सोबत स्थान दिले आणि तिचे मूळ नाते गुजराती-राजस्थानीकडे जोडले. मराठीच्या अनेक अभ्यासकांनी अहिराणीला मराठीची बोली मानले आहे. जनगणनेत ‘खानदेशी’ ही अनुसूचीबाहेरची स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते आणि अहिराणी तिच्या पोटात येते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत अहिराणी आणि खानदेशी यांना वेगवेगळे संकेत आहेत. बहिणाबाईंच्या भाषेला कोणी लेवा गणबोली म्हणतात, कोणी व्यापक अर्थाने खानदेशी. म्हणजे एकाच अंगणातील बोलणे चार तक्त्यांत चार ठिकाणी बसते.

जनगणनेचे आकडे घेतले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. खानदेशी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे २०.७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १८.६ लाख झाली. बोलणारे कमी झाले, की प्रगणकाच्या प्रश्नाला ‘मराठी’ असे उत्तर देणारे वाढले? तक्त्यातील आकडा याचे उत्तर देत नाही, कारण तक्त्यात बोलणे मोजलेले नसून सांगणे मोजलेले आहे. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जमा झाला, हे विचारण्याची सवय लावणे, हा प्रास्ताविक अभ्यासक्रमाचा पहिला उद्देश मानला तरी वावगे होणार नाही.

ग्रंथालयातही हाच धडा मिळतो. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत मराठी भाषेला ४९१.४६ आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हे अंक आहेत, आणि कोकणीला मराठीच्याच अंकाचा विस्तार करून जागा दिलेली आहे. कोकणी ही १९९२ पासून आठव्या अनुसूचीतील स्वतंत्र भाषा आहे. अंकाने मात्र ती अजून मराठीच्या घरात राहते. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने अहिराणी गीतांच्या संग्रहाला कोणता अंक दिला आहे, तो का दिला आणि त्यामुळे ते पुस्तक कोणाच्या हाती लागते व कोणाच्या लागत नाही, एवढे शोधून लिहिणे हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झेपणारा आणि तरीही खरा अभ्यास आहे.

५

तिसरी बाजू विद्यार्थ्याच्या घराची. खानदेशातील कला महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी वा शेतमजूर कुटुंबातला असतो. माहिती-व्यवस्था त्याच्या घरात महाविद्यालयाच्या कितीतरी आधी शिरलेली आहे. आधार क्रमांकाच्या वाटपाचा देशातील आरंभच मुळी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. बारा आकड्यांच्या त्या क्रमांकातील शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठराविक रीतीने काढलेला असतो, म्हणून क्रमांक लिहिताना झालेली चूक यंत्राला ओळखता येते. पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकातही शेवटचा आकडा हेच काम करतो. पण त्याच पत्रावर मराठीत आणि रोमन लिपीत लिहिलेल्या नावातील चूक ओळखणारा असा कोणताही आकडा नाही. शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेच्या पुस्तकावर दुसरे आणि आधारवर तिसरे स्पेलिंग असलेल्या माणसाला किती खेपा घालाव्या लागतात, हे घरोघरी ठाऊक आहे. लिप्यंतर हा विषय भाषाविज्ञानाच्या पुस्तकात रुक्ष वाटतो. येथे तो शिष्यवृत्ती आणि अनुदान यांच्या दारात उभा असतो.

सातबाऱ्याचे वाचन हाही असाच पाठ होय. गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन नोंदवह्या एकत्र आल्या आणि एका उताऱ्याचे नाव झाले. २०१८ पासून हा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची रीत आली. नोंद करणारा बदलला की चुकीची जबाबदारीही बदलते. जळगावच्या केळी उत्पादकाला मिळणारा हवामानाधारित फळपीक विमा तर आपल्या बागेतील झाडांवर ठरत नाही. तो महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो. रावेर-यावलच्या विद्यार्थ्याला आदान, प्रक्रिया आणि फलित या तीन संज्ञा याहून चांगल्या उदाहरणाने समजावून देता येतील असे वाटत नाही. केंद्राने काय नोंदविले, नियमाने त्याचे काय केले आणि घरी काय आले, हे तीन प्रश्न त्याच्या ओळखीचे आहेत. त्यांना विषयाचे नाव तेवढे मिळालेले नाही.

खासगीपणाचा विचारही याच ओघात यावा. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. आपल्या नोंदी दुसऱ्याच्या व्यवस्थेत असलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी किमान नावाने तरी माहीत असणे आवश्यक आहे.

६

वरील विवेचन आराखड्यात उतरविणे कठीण नाही. दोन श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेत एक श्रेयांक व्याख्यानांचा आणि एक प्रात्यक्षिकाचा मानला, तर १५ तास व्याख्याने आणि ३० तास प्रात्यक्षिके असे ४५ तास हाती येतात. त्यांचे पाच घटक करावेत. प्रत्येकास व्याख्यानाचे तीन आणि प्रात्यक्षिकाचे सहा तास. पहिला घटक नोंदीचा : दाखला, पावती, सातबारा, हजेरीपट यांचे वाचन आणि त्यांतील रकान्यांचा अर्थ. दुसरा वर्णाचा : संकेतांक, टंक, कळफलक, वर्णक्रम आणि जुन्या टंकांचे रूपांतर. तिसरा वर्गीकरणाचा : ग्रंथालयाची सूची, जनगणनेचा तक्ता, कोशातील नोंद. चौथा संग्रहाचा : विद्यार्थ्यांनी स्वतः गोळा केलेल्या साहित्याचा तक्ता करणे आणि त्यात शोध घेणे. पाचवा हक्काचा : स्वामित्व, खासगीपणा, संमती आणि यंत्राने तयार केलेल्या मजकुराची पारख.

चौथ्या घटकासाठी खानदेशाइतके साहित्य क्वचितच कोठे जवळ असेल. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्यांच्या संग्रहाचे जतन हे त्यामागील एक मुख्य कार्य होते. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून जमलेली रामदासी हस्तलिखिते धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले असल्यामुळे मोडी कागदाचे लिप्यंतर आता यंत्रात नोंदविता येते. कागद कोणी कोणास लिहिला, केव्हा, कोठून, आणि तो कोणत्या दप्तरातून आला, हे राजवाड्यांच्या परंपरेतील संशोधकाचे प्रश्नच तक्त्याचे रकाने होतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मूळ कागद हाताळावेत असे नव्हे. सूचीतील पंचवीस नोंदी घेऊन त्यांचा तक्ता केला तरी पुरे.

बोलीतील साहित्याचे संकलन विद्यार्थी आपल्या गावातच करू शकतो. ओवी, म्हण, उखाणा किंवा शेतीतील अवजारांची नावे. सांगणाऱ्याचे गाव, तालुका, वय, नोंदीची तारीख आणि सांगणाऱ्याची संमती. येथे रकान्यांचा विचार भाषाविचार होतो. खानदेशी बोलण्यात ळ-च्या जागी य येतो. डोळा हा ‘डोया’ होतो. तक्त्यात केवळ बोललेले रूप ठेवले तर ‘डोळा’ शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. केवळ प्रमाण रूप ठेवले तर बोलीच नाहीशी होईल. दोन रकाने हवेत, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या तक्त्यात अडल्यावर जेवढे पटेल, तेवढे व्याख्यानाने पटणार नाही. जात्यावरची ओवी म्हणणाऱ्या पिढीचे वय पाहता या कामाला फार वर्षे शिल्लक नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

छापील साहित्याच्या बाबतीत स्वामित्वाचा पाठ मिळतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे, आणि मरणोत्तर प्रकाशित साहित्याच्या बाबतीत प्रकाशनानंतर साठ वर्षे, स्वामित्व टिकते. धरणगावात जन्मलेल्या बालकवींचे १९१८ साली आणि अमळनेरात अध्यापन केलेल्या साने गुरुजींचे १९५० साली निधन झाले. त्यांच्या लेखनाची शब्दसूची करण्यास आता कोणाची आडकाठी नाही. १९५२ साली पहिल्यांदा छापलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांचीही मुदत कोणत्या वर्षी संपली, हे विद्यार्थ्याने मोजून सांगावे.

७

या आराखड्यावर तीन आक्षेप येतील. पहिला नोकरीचा. कार्यालयात अक्षरजुळणी आणि कोष्टक लागते, ओव्यांचा तक्ता कोण मागणार, असे विचारले जाईल. हा आक्षेप हलका मानू नये. खानदेशातील विद्यार्थी पदवीकडून पोटाची अपेक्षा करतो आणि ती न्याय्य आहे. पण कोष्टक ओव्यांचे केले काय किंवा मालाचे केले काय, कौशल्य तेच असते. रकाने कोणते असावेत हे ठरविण्याचा अनुभव मात्र तयार तक्ता भरणाऱ्यास मिळत नाही. शिवाय भाषांतर, संपादन, ग्रंथालय, अभिलेखागार, शासकीय संकेतस्थळांचे मराठी, या क्षेत्रांत दोन्ही बाजू जाणणारा माणूस लागतो.

दुसरा आक्षेप शिक्षकाचा. मराठीच्या प्राध्यापकाला संकेतांक कोण शिकविणार आणि संगणकाच्या प्राध्यापकाला वर्णमाला? उत्तर असे की दोघांनी मिळून शिकवावे. विद्यापीठाच्या गिरणाकाठच्या परिसरात भाषांची प्रशाळा आणि संगणकशास्त्राची प्रशाळा शेजारी आहेत. शिक्षकांसाठी आठवड्याभराची एक संयुक्त कार्यशाळा आणि मराठीतील एक शंभर पानी पुस्तिका एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पुस्तिकेच्या परिभाषेबाबत हट्ट नसावा. ‘संगणक’ रुळला आहे, तो ठेवावा. ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘सर्व्हर’ हेही रुळले आहेत, त्यांना हुसकावू नये. प्रयोगशाळा अपुरी असेल तेथे वर्णक्रम आणि वर्गीकरण यांची निम्मी प्रात्यक्षिके कागदाच्या चिठ्ठ्यांवर होऊ शकतात. सूचीकारांच्या पिढ्या त्याच चिठ्ठ्यांवर घडल्या.

तिसरा आक्षेप अगदी अलीकडचा आहे. २०२२ च्या अखेरीपासून मजकूर लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. आता हे सारे शिकण्याची गरज काय, असे म्हटले जाते. वस्तुतः गरज वाढली आहे. ही यंत्रे लिहिलेल्या मजकुरावर शिकतात, आणि ज्या भाषेत लिहिलेले थोडे, त्या भाषेत त्यांचे उत्तर कच्चे असते. अहिराणी, लेवा बोली, पावरी, मावची यांचे संगणकावरील लेखन अत्यल्प आहे. विद्यार्थ्याने यंत्राकडून अहिराणीतील दहा वाक्ये लिहून घ्यावीत आणि ती घरातील आजीला वाचून दाखवावीत. आजी कोठे हसली आणि कोठे ‘असं कोनी नहीं बोलत’ म्हणाली, त्याची नोंद करावी. यंत्राची मर्यादा त्याला समजेल, आणि ती मर्यादा कमी करण्याचे साधन स्वतःच्याच घरात आहे हेही समजेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाची चर्चा प्राचीन ताम्रपट आणि ग्रंथ यांच्यापुरती राहिली तर तिचा लाभ थोड्यांना होईल. अभ्यासमंडळांपुढील काम त्यापेक्षा लहान आणि तातडीचे आहे : पुढील पुनर्रचनेच्या वेळी मराठी आणि संगणकशास्त्र या दोन अभ्यासमंडळांनी एकत्र बसून ४५ तासांची ही एक अभ्यासपत्रिका आखावी, प्रथम जळगाव आणि धुळे येथील मोजक्या महाविद्यालयांत दोन वर्षे चालवून पाहावी, आणि विद्यार्थ्यांनी केलेले तक्ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वाचता येतील अशा संकेतांत, जमा करावेत. दर वर्षी एका वर्गातून तीस विद्यार्थी आणि प्रत्येकाच्या पन्नास नोंदी धरल्या, तरी दोन वर्षांत एका महाविद्यालयातून तीन हजार नोंदी जमतील. त्यांतील निम्म्या कच्च्या निघाल्या तरी उरलेल्या दीड हजार आज कोठेही लिहिलेल्या नाहीत.